गार राहणारी गाडी

“गाडी गार राहतीय अशी तक्रार घेऊन आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुमी, सर,” मिस्त्री म्हणाला. बॉनेट उघडंच होतं. त्यानं रेडिएटरवर पालथी मूठ टेकवली, वरच्या होज पाईपला दोन बोटांनी चिमटा घेतला आणि हसला. “लोक तापतीय म्हणून रडत येत्यात. तुमी तापत न्हाई म्हणून रडालाय. अवो, सुख हाय हे. जावा घरला.” पैसे काही घेतले नाहीत. हात पुसायचं फडकं खांद्यावर टाकून तो शेजारच्या रिक्षाखाली शिरला आणि मी माझं सुख घेऊन घरी आलो. त्याच्या बोलण्याला उत्तर आहे हे मला तिथंच जाणवत होतं, पण सुचत नव्हतं. रात्री जेवताना तेच डोक्यात. आई दोनदा म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे का बघ. मी नाही म्हटलं. नंतर कळलं की ती मीठ घालायलाच विसरली होती.

झालं होतं एवढंच. ऑक्टोबरात माझी बदली बँकेच्या कळे गावच्या शाखेत झाली. रोज वीस-पंचवीस किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. अण्णांनी गाडी चालवणं सोडल्यापासून त्यांची पांढरी गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती, ती बाहेर काढली. २००९ सालची, एमएच ०९ची, पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत उभी राहून नव्यानं पास झालेली. डिसेंबर लागला तसं लक्षात आलं की रंकाळा मागं पडतो, फुलेवाडी जाते, बालिंग्याचा पूल येतो, तरी तापमानाचा काटा तळालाच बसून. नदीवर धुकं, पुढं उसाची ट्रॉली, कुठल्या तरी गुऱ्हाळावरून येणारा उकळत्या रसाचा वास, आणि काचेवर दव धरलं म्हणून हीटर लावावा तर पायांवर गार वारं. पेट्रोलचा हिशोब मी डायरीत ठेवतो, ती बँकवाल्याची खोड. पूर्वी ही गाडी सोळाला जायची, आता बाराच्या वर काही येईना. एका रविवारी तेलाचं झाकण काढून बघितलं तर आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट चिकटा.

ही लक्षणं वाचून वाचून मी अर्धा मिस्त्री झालो होतो. इंजिन गार असलं की त्याच्या संगणकाला वाटतं, गाडी आत्ताच सुरू झालीय. तो पेट्रोल जादा सोडत राहतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं, तेल पातळ होतं. आतलं बाष्प उडून जायला पाहिजे तेही जात नाही, त्याची ती साय. म्हणजे गाडी सुखात नव्हती. तापलेली गाडी निदान वाफ सोडून बोंब तरी मारते. ही बिचारी कुडकुडत, न बोलता झिजत होती.

पण हे मिस्त्रीला कोण सांगणार? आपल्याकडं गार राहणं हा गुणच समजला जातो. डोकं थंड ठेव म्हणायचं, आणि कोण चिडलं की ‘तापला’. आणि आमच्या घरात तर गेली बारा वर्षं एकच कायदा चालू आहे: अण्णांना तापवायचं नाही. अण्णा शिरोलीच्या एका फौंड्रीत मेल्टिंगला होते, एकतीस वर्षं. चौदाशे अंशांच्या आसपासचा लोखंडाचा रस ते नुसत्या रंगावरून ओळखायचे. यंत्रावर आकडा नंतर यायचा. ‘अजून लाल हाय, थांबा’ असं ते भट्टीला म्हणायचे त्याच आवाजात आम्हाला अभ्यासाचं विचारायचे. २०१३ला त्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, त्रागा टाळा. एवढ्या एका वाक्यावर आम्ही घरभर पहारा बसवला. बहिणीच्या सासरची कुरबूर त्यांच्या कानावर घालायची नाही, शेताच्या बांधाचा तंटा सांगायचा नाही, टीव्हीवर बातम्या लागल्या की चॅनेल बदलायचं. ते खोलीत आले की आम्ही आवाज उतरवायचो. त्यांच्या ते ध्यानात येत असणारच. एकतीस वर्षं भट्टीकडं बघितलेल्या माणसाला खोलीतलं तापमान कळत नाही असं समजणारे आम्ही.

आणि दोन वर्षांपूर्वी चुलतभावानं गावाकडचं आज्जाचं ऑइल इंजिन भंगारात घातलं, तेही आम्ही सांगितलं नव्हतं.

तर, थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वॉल्व्ह. माझा सगळा संशय त्याच्यावर, म्हणून नवा आणायचं ठरवलं. उद्यमनगराच्या बाजूला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या पोरानं आधी विचारलं, ओरिजिनल का लोकल, आणि मग, जरा दया आल्यासारखं, “कशाला बसवताय? समदी काढून टाकत्यात की.” काढून टाकतात हे खरंच. गाडी तापली की आपल्याकडं पहिला बळी या वॉल्व्हचा जातो. हवा गरम, उन्हाळा मोठा, मग पाणी अडवणारी झडप हवीच कशाला, असा सरळ हिशोब. मी ओरिजिनलच घेतला. खोक्यातून निघालं ते लिंबाएवढं पितळ-पोलादाचं काम: एक चकती, एक स्प्रिंग, मधे एक छोटी कुपी, आणि कडेला ८२ हा आकडा ठोकलेला. त्या कुपीत मेण असतं. एवढंच. इंजिनातलं पाणी ८२ अंशांला आलं की मेण वितळायला लागतं, वितळलं की फुगतं, फुगलं की दांडी ढकलतं आणि झडप उघडून पाणी रेडिएटरकडं निवायला जातं. पाणी निवलं की मेण आकसतं, स्प्रिंग झडप मिटवते. ना वायर, ना सेल. १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस वर्नेट यांनी ही मेणाची युक्ती काढली, आणि संगणक बसलेल्या गाड्यांतही कितीतरी ठिकाणी अजून तीच चालते. देवापुढच्या मेणबत्तीसारखं मेण सव्वाशे किलोच्या इंजिनाला सांगतं, आता थांब, आता जा. मी रात्री तो वॉल्व्ह उशाजवळच्या टेबलावर ठेवला होता. बायको म्हणाली, अंगठी आणल्यासारखं काय बघताय.

रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली. रात्रभर उभी, त्यामुळं थंडगार. हे महत्त्वाचं, तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे प्रेशर कुकरचं झाकण हातोडीनं काढण्यासारखं आहे. अण्णा प्लास्टिकची खुर्ची घेऊन पारिजातकाखाली बसले. काय करालायस म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पाणी बदलतोय. हेही त्या कायद्यातलंच: अण्णांना ‘काही नाही’ असं सांगायचं. त्यांनी पेपर उघडला, पण पान काही उलटलं नाही.

रेडिएटरच्या तळाची तोटी सैल केली आणि खाली घमेलं सरकवलं. कूलंट, म्हणजे गंज धरू नये म्हणून पाण्यात मिसळायचं द्रव, हिरवं किंवा गुलाबी यायला पाहिजे. आलं ते चहाच्या गाळासारखं तांबूस. म्हणजे कित्येक वर्षं यात नळाचं पाणीच पडत होतं आणि इंजिन आतून गंजत होतं. शेजारचं कुत्रं वास घेत आलं तसं घमेलं उचलून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्यात कूलंटचा थोडा जरी अंश असला तर धोका. ते चवीला गोड असतं आणि जनावराला विष. मग होजची क्लिप पकडीनं दाबून मागं सरकवली, पाईप पिळून ओढला. रबर इतकं चिकटलं होतं की सुटताना आवाज आला. त्यामागं थर्मोस्टॅटचं ॲल्युमिनियमचं घर, दोन बोल्टांवर बसलेलं. दहाचा पाना. एक बोल्ट सहज फिरला. दुसरा हलेना. ॲल्युमिनियमला पांढरी भुकटी धरली होती, चुन्यासारखी. जोर लावला तर मुंडी तुटून धड आत राहायचं, आणि मग त्याच मिस्त्रीकडं हात जोडून जायचं. मी तेल सोडलं, थांबलो, पान्याच्या टोकावर हळू ठोकलं, परत थांबलो. अण्णा पेपराआडून म्हणाले, “आधी आवळ.” म्हणजे? “सोडायच्या आधी थोडा आवळ. गंज फुटतोय.” आवळला. कट्ट असा बारीक आवाज आला आणि मग बोल्ट बाहेर यायला लागला.

झाकणाच्या कडेला लाल सिलिकॉनचा जाड ओघळ होता, बोटानं ओढून लावल्यासारखा. कंपनीतून असं येत नाही. तेव्हाच शंका यायला हवी होती. पात्यानं सिलिकॉन कापलं, झाकण उचकटलं, मोबाईलचा उजेड आत धरला.

आत वॉल्व्ह नव्हताच.

रिकामं भोक. कडेनं गंजाची तांबडी रेघ, तळाला थोडं पाणी, त्यात माझ्याच मोबाईलचा दिवा. मी बदलायला निघालो होतो आणि बदलण्यासारखं काही तिथं नव्हतं. गेली कित्येक वर्षं या इंजिनाला ‘अजून थांब’ म्हणणारं कुणी नव्हतंच. सुरू केल्याच्या क्षणापासून सगळं पाणी थेट रेडिएटरकडं, निवायला. मी तसाच वाकून राहिलो. मागून अण्णांचा आवाज आला, “न्हाई तिथं. कवाच काढलाय.”

“कुणी?”

“मीच काढायला लावला.”

मग पेपराची घडी घालत, माझ्याकडं न बघता त्यांनी सांगितलं. २०१२चा मे. गणपतीपुळ्याहून परत येत होते. अण्णा, आई, माझी बहीण आणि तिचं सहा महिन्यांचं बाळ. मी नव्हतो, माझी परीक्षा होती. साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागल्यावर काटा वर गेला. अण्णांना वाटलं, चढ आहे, उतरेल. मधल्या वळणावर बॉनेटमधून वाफ. भर दुपार, सावली नाही, बाळ रडायला लागलेलं. प्यायचं पाणी सगळं रेडिएटरसाठी काढलं, बाळासाठी उकळून घेतलेली बाटलीसुद्धा. आणि मग घाईत, घाबरून, एकतीस वर्षांपैकी एकोणतीस वर्षं तेव्हा भट्टीवर काढलेल्या माणसानं तापलेल्या रेडिएटरचं झाकण नुसता रुमाल धरून उघडलं.

अण्णांच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एक गुळगुळीत फिकट डाग आहे. तो फौंड्रीतला आहे असं मला सांगितलं गेलं होतं, आणि मी ते मित्रांना जरा अभिमानानंच सांगत आलो होतो. रस उडाला होता म्हणून. आमचे अण्णा असे म्हणून.

“फौंड्रीत मला कधी ठिणगी लागली न्हाई,” अण्णा म्हणाले. “आणि कुकराच्या शिट्टीएवढ्या वाफेनं भाजलं. काय सांगणार?” एका ट्रकवाल्यानं कॅन दिला. घाट चढून आल्यावर जे पहिलं गॅरेज लागलं तिथल्या पोरानं वॉल्व्ह काढला आणि म्हणाला, काका, आता जन्मात तापणार नाही. अण्णांनी त्याला पन्नास रुपये जास्त दिले. त्यानंतर ही गाडी खरंच कधी तापली नाही. ते चालवायचे तेव्हा डाव्या बाजूला काटा तळाशी बघायचे आणि त्यांना बरं वाटायचं.

स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, “मी तवाच म्हटलोतो, पोराला खरं सांगा.” आमच्याकडं बायका ‘म्हटलो’च म्हणतात. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. बारा वर्षं आम्ही अण्णांपासून गोष्टी लपवत होतो आणि घरात त्यांचंही एक कपाट होतं.

एक मात्र मला त्या रिकाम्या भोकाकडं बघताना आठवलं, आणि मिस्त्रीचं उत्तर तिथंच सापडलं. आज्जाचं इंजिन. म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी इंजिनं घडवून दाखवलेलं हे गाव. आमचंही इंजिन कोल्हापुरातच ओतलेलं आणि कोल्हापुरातच जोडलेलं, आठ हॉर्सपॉवरचं, दोन्ही बाजूंना माणसाच्या कमरेएवढी चाकं. विहिरीच्या काठावर पत्र्याच्या खोपीत असायचं. हँडल मारून चाक फिरायला लागलं की वरची कळ पाडायची, मग ते एकदा खाकरायचं, दोनदा खाकरायचं आणि त्याचा तो ठेका धरायचं, जो तीन शेतं ओलांडून ऐकू यायचा. त्याला रेडिएटर नव्हता. पंपाच्या पाण्यातूनच बोटाएवढा पाईप इंजिनात जायचा आणि पलीकडून गरम होऊन दगडी डोणीत पडायचा. त्या पाण्यात काकू धुणं धुवायची आणि थंडीत आम्ही पोरं आंघोळ करायचो. डिझेलचा आणि ओल्या दगडाचा वास, अंगावर वाफ आणि पाठीला ऊस हलवून आलेला गार वारा. तसली आंघोळ मी नंतर कुठल्याही हॉटेलात केलेली नाही.

आज्जा उसाला पाणी पाजता पाजता मधेच यायचा, चिखलाचा हात त्या धारेखाली धरायचा आणि क्षणभर डोळे बारीक करायचा. “सोसतंय,” म्हणायचा आणि परत जायचा. सोसत नसलं तर आत जाणाऱ्या पाईपाची तोटी थोडी उघडायचा. पण कधी कधी, आणि हेच मला आठवलं, तो तोटी थोडी बंद करायचा. मी एकदा विचारलं होतं, गार आहे तर बरंच आहे की. “गार बरं न्हवं. लई गार झालं की धूर वकतंय आणि डिझेल खातंय. इंजानाला बी ऊब लागतीया.” चौथी नापास माणूस. मेणाच्या कुपीचं काम हातानं करत होता आणि तीच गोष्ट मला चाळीस पानं वाचून कळली होती.

आणि त्याचाच मुलगा घाटात एकदा पोळला आणि पुढं बारा-तेरा वर्षं गाडी गार ठेवून खूश राहिला. यात अण्णांना हसावं असं वाटेना. मागच्या सीटवर सहा महिन्यांचं बाळ असतं तर मीही वॉल्व्ह काढायलाच लावला असता, आणि वर शंभर जास्त दिले असते.

अण्णा उठून आत गेले. मला वाटलं, झालं, आता गोळी शोधणार. ते आले तर हातात बोर्नव्हिटाचा जुना डबा. त्यात वायसर, खिळे, कुलपं हरवलेल्या किल्ल्या, आणि तळाशी कागदात गुंडाळलेला तो जुना थर्मोस्टॅट. फेकला नव्हता. “ह्यो बिघडला होता का मीच उगंच काढला, बघायचं राहून गेलं,” म्हणाले. हा प्रश्न त्यांच्यासोबत एवढी वर्षं डब्यात बसला होता. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात गेलो. आईनं दुधाचं पातेलं दिलं नाही, आंघोळीला पाणी तापवायचं जुनं जर्मनचं दिलं. माझ्या मुलीनं केकसाठी मागवलेला डिजिटल थर्मामीटर आणला, वर अट घातली की नंतर साबणानं तीनदा धुवायचा. दोन्ही वॉल्व्ह दोऱ्याला बांधून पाण्यात सोडले, तळाला टेकणार नाहीत असे, नवा डावीकडं, जुना उजवीकडं.

साठ अंशांला काही नाही. सत्तरला पातेल्याच्या बुडाशी बुडबुडे. आई, अण्णा, मुलगी, मी, सगळे वाफेत तोंड घालून, गुऱ्हाळावर काहिलीभोवती जमतात तसे. तिथं गुळव्या पाक बोटावर घेऊन गार पाण्यात बुडवतो, त्याची गोळी करतो, आणि तो ‘उतरा’ म्हणेपर्यंत कुणी बोलत नाही. इथंही कुणी बोलेना. ८१. ८२. ८३ला मुलगी ओरडली. नव्या वॉल्व्हच्या चकतीखाली केसाएवढी फट पडली होती. बघता बघता ती नखाएवढी झाली आणि नव्वदीच्या पुढं गेल्यावर चकती चांगली बोटाच्या पेराएवढी उचलली गेली. कसला आवाज नाही, घाई नाही, गोगलगाय शिंगं काढते तसं. उजवीकडचा मिटूनच. पाणी खळखळून उकळायला लागलं, थर्मामीटर ९८वर थांबला. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर वर, इथं पाण्याची मजल तेवढीच. तरी जुना मिटलेलाच. त्याच्या कुपीतलं मेण कधीतरी गळून गेलं असणार. मेण गेलं की ढकलायला कुणी नाही, झडप मिटून राहते ती राहतेच. पाणी रेडिएटरपर्यंत पोचलंच नव्हतं त्या दिवशी.

“म्हंजे खराबच होता,” अण्णा म्हणाले. दोनदा म्हणाले. मग गॅस बंद केला.

ते पातेल्याकडंच बघत होते आणि मला काय झालं ठाऊक नाही, कदाचित एवढी वाफ बघून धीर आला असेल, मी म्हटलं, “अण्णा, आज्जाचं इंजिन विकलं. दोन वर्षं झाली. भंगारात गेलं.” आईनं माझ्याकडं बघितलं. मुलीनं थर्मामीटर उचलला आणि ती निघून गेली. या घरात वाढलेल्या पोरांना कधी उठायचं ते कळतं. मी अण्णांच्या कानशिलावरची शीर बघत होतो.

“किती आलं?”

मी आकडा सांगितला.

“कमी दिलं,” अण्णा म्हणाले. “दोन चाकांचंच बीड तेवढ्याचं हुतं. मला सांगितलं असतं तर मी वजन करून घातलं असतं.”

बस. एवढंच. आम्ही दोन वर्षं ज्याला भ्यायलो तो स्फोट वजनकाट्यावर येऊन थांबला. नंतर ते थोडा वेळ मागच्या दारात उभे होते, पाठमोरे. तिथं त्यांनी काय केलं, मला दिसलं नाही.

बसवायचं काम त्या मानानं सोपं. कडा साफ केल्या, ॲल्युमिनियमला ओरखडा पडू नये म्हणून पातं आडवं धरून. वॉल्व्हला नवी रबरी रिंग चढवली. स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला, आणि चकतीवरची ती हलती टिकली वरच्या अंगाला, म्हणजे कोंडलेली हवा तिथून निसटते. बोल्ट एकदा हा, एकदा तो, असे थोडे थोडे आवळत नेले. रेडिएटर साध्या पाण्यानं धुतला, तीनदा धुतल्यावर चहा फिका झाला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून गाडी सुरू केली. पाणी खाली जायचं, बुडबुडे यायचे, मी वरून भर घालायचो. हवा आत राहिली तर सगळं मुसळ केरात. बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावलं.

आता वाट बघायची. वॉल्व्ह उघडला हे कळायची जुनी खूण म्हणजे वरचा होज. झडप मिटली आहे तोवर तो गार राहतो आणि उघडली की एकदम तापतो. मी आत बसून काट्याकडं बघत होतो. अण्णांनी पंख्याच्या पात्यापासून लांब, नीट बेतानं, तो डागाचाच हात होजवर ठेवला. काटा हलला. पाव. पावच्या वर. मी बाहेर डोकं काढून विचारलं, काही? त्यांनी मान हलवली. पारिजातकाची पानं बॉनेटच्या कडेला पडलेली होती ती थरथरत होती. काटा अर्ध्याजवळ आला तसा माझा जीव वर आला. बाहेर उभ्या अण्णांचा काय आला असेल. आणि मग त्यांचे डोळे बारीक झाले. तसेच. मी ते डोळे डोणीशेजारी बघितले होते.

“आलं,” म्हणाले. हात लगेच काढला नाही. थोड्या वेळानं काढला आणि पंजा उघडून बघितला.

संध्याकाळी बालिंग्यापर्यंत जाऊन आलो. अण्णा शेजारी. काटा मधे गेला आणि तिथंच राहिला, जरा वर नाही, जरा खाली नाही. फुलेवाडीच्या गर्दीत थांबलो तेव्हा पंखा घरघरला तर अण्णांनी दाराचं हँडल धरलं. मी म्हटलं, पंखा आहे. ते म्हणाले, मला ठाऊक आहे, आणि हँडल धरूनच ठेवलं. पूर्ण रस्ताभर त्यांनी ना नदी बघितली ना ऊस, फक्त काटा. हीटर लावला तर गरम वारं आलं. जानेवारी संपत आलेला, घाम फुटला, तरी दोघांनीही तो बंद केला नाही. जुना वॉल्व्ह कागदात गुंडाळून परत डब्यात गेला आहे. आईनं विचारलं, आता कशाला? त्यावर अण्णांनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं डबा स्वतःच माळ्यावर ठेवला.

परवा बँकेतून येताना मिस्त्रीच्या दारात सिग्नलला थांबलो. त्यानं ओळखलं. हातातला पाना वर करून ओरडला, “काय सर, ऱ्हातीय न्हवं गाडी गार?”

काटा मधे होता. बारा-तेरा वर्षांची हकिकत होती, आज्जा होता, मेण होतं. मागच्या डंपरनं हॉर्न मारला.

“ऱ्हातीय की,” म्हटलं, आणि गिअर टाकला.